इंजिन नवीन बांधलं, तरी पद्मिनी ‘मिसिंग’ का मारते? टायमिंगचं सगळं गणित, सोप्या भाषेत

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. त्या दिवशी सोशल मीडियावर जुन्या फोटोंचा पूर आला होता, आठवतंय?

पण टॅक्सी गेली म्हणून पद्मिनी संपली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या कितीतरी ‘फियाट’ आजही घराघरांत आहेत. कुणाची आजोबांची, कुणी हौसेने विकत घेतलेली. त्या नव्याने रंगवल्या जातात, क्रोम चमकवलं जातं, इंजिन उतरवून पुन्हा बांधलं जातं. मग पहिल्यांदा स्टार्ट झाल्याचा व्हिडिओ टाकला जातो आणि लाइक्सचा पाऊस पडतो.

व्हिडिओत दिसत नाही ते पुढचं. चौथ्या दिवशी गाडी चढावर अडखळते. सिग्नलला उभी असताना थरथरते. सायलेन्सरमधून मध्येच ‘फट्’ असा आवाज येतो. एवढा खर्च करून इंजिन नवं केलं, आणि गाडी मिसिंग मारतेय!

अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा जातो तो कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे. आणि नेमकं तिथेच थांबायला हवं.

मिसिंग म्हणजे नक्की काय?

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं आणि चार सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडरमध्ये चार कामं आळीपाळीने होतात. हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढणं, ते दाबणं, ते पेटवून ताकद मिळवणं आणि धूर बाहेर टाकणं. यातल्या तिसऱ्या कामाच्या वेळी मिश्रण पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं, तर त्या फेरीला तो सिलिंडर ताकद देत नाही. उलट बाकीच्या तिघांना त्याचं ओझं ओढावं लागतं. यालाच आपण मिसिंग किंवा मिसफायर म्हणतो.

मिश्रण पेटायला तीन गोष्टी लागतात. पुरेसा दाब, योग्य मिश्रण आणि योग्य वेळी पडणारी दमदार ठिणगी. तिघांपैकी एक जरी कमी पडली तरी लक्षण एकच दिसतं, गाडी अडखळते. म्हणून नुसत्या अडखळण्यावरून दोष कुठे आहे हे कळत नाही, तो शोधावा लागतो.

‘थोडं चालू दे, सेट होईल’ हे का धोक्याचं?

नव्या बांधलेल्या इंजिनाबाबत हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. पण मिसिंगच्या बाबतीत ते महागात पडू शकतं.

नवीन पिस्टन रिंग आणि नव्याने बोअर केलेला सिलिंडर हे एकमेकांवर घासून, एकमेकांना जुळवून घेत असतात. यालाच रनिंग-इन म्हणतात. सुरुवातीचे काही शे किलोमीटर यासाठी फार महत्त्वाचे. या काळात सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर टिकून राहायला हवा.

आता ज्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतच नाही, तिथलं पेट्रोल जातं कुठे? काही सायलेन्सरमध्ये जाऊन फट् फट् करतं आणि बाकीचं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. म्हणजे रिंग कोरड्या भिंतीवर घासायला लागतात आणि खालचं ऑइलही पातळ होतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय? मग हे सुरू झालंय असं समजा. दोष दुरुस्त झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलून टाका.

टायमिंग चुकलेलं असेल तर नुकसान आणखी वेगळं. ते पुढे पाहूच.

थोडक्यात, मिसिंग घेऊन रनिंग-इन करायचं नाही. आणि तासन्‌तास गाडी आयडलवर ठेवून स्क्रू फिरवत बसायचंही नाही, कारण आयडलला रिंगवर पुरेसा दाब येत नाही आणि त्या नीट बसत नाहीत. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर पहिल्या काही मिनिटांत आयडलिंग त्यांनाही सोसत नाही. म्हणून जेवढं तपासता येईल तेवढं इंजिन बंद ठेवून तपासा. सुदैवाने बरंच काही तसं तपासता येतं.

ठिणगी नक्की कधी पडायला हवी?

साधारण समज असा की, पिस्टन अगदी वर पोचला की प्लगमध्ये ठिणगी पडते. प्रत्यक्षात ती त्याच्या थोडी आधी पडावी लागते.

कारण मिश्रण बॉम्बसारखं एका क्षणात फुटत नाही. ज्वाळा प्लगपासून सुरू होते आणि पसरत जाते. त्याला वेळ लागतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावा इतका छोटा, पण लागतो. आपल्याला सगळ्यात जास्त दाब हवा असतो तो पिस्टन वरून नुकता खाली निघाल्यावर. म्हणून आग आधीच लावून ठेवायची.

आता जरा हिशोब करू. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात. एक फेरा ३६० अंशांचा. म्हणजे सेकंदाला १८,००० अंश, आणि एका मिलिसेकंदात १८ अंश. तेच इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर एका मिलिसेकंदात जेमतेम ४.८ अंश फिरतं.

ज्वाळा पसरायला लागणारा वेळ मात्र वेग चौपट झाला म्हणून चौथाई होत नाही. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. आयडलला काही थोडे अंश आधी आणि वेगात असताना त्याहून बरेच जास्त. या ‘आधी पडण्याला’च ॲडव्हान्स म्हणतात.

म्हणून टायमिंग म्हणजे पुलीवरची एक खूण नाही. ती एक साखळी आहे. आणि मिसिंग शोधताना या साखळीची एकेक कडी क्रमाने तपासायची, हाच सगळा खेळ आहे.

डेल्कोच्या पोटात काय चालतं?

गॅरेजमध्ये ज्याला डेल्को म्हणतात, तोच डिस्ट्रिब्युटर. तो इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि तीन कामं करतो.

पहिलं काम सीबी पॉइंटचं. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो. ते उघडले की करंट तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण. शेजारचा छोटा कंडेन्सर पॉइंटवरचं जळणं रोखतो आणि करंट झटक्यात तुटायला मदत करतो.

दुसरं काम रोटरचं. तो फिरत फिरत हा झटका एकेका प्लगच्या वायरला वाटतो. पद्मिनीचा क्रम आहे १-३-४-२.

तिसरं काम आतल्या वजनांचं. वेग वाढला की स्प्रिंगला बांधलेली दोन छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडण्याचा क्षण आपोआप आधी येतो. वरचा ॲडव्हान्स मिळतो तो असा, संगणकाशिवाय.

३००० आरपीएमवर हे पॉइंट मिनिटाला ६००० वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उघडतात. एवढ्या नाजूक कामात केसाएवढ्या फरकानेही गडबड होते, यात नवल नाही.

आधी हातात पाना नको, कान द्या

मिसिंग कशी आहे यावरून अर्धा तपास होतो.

- ठरावीक तालात, एकाच ठोक्याला अडखळते: बहुधा एकाच सिलिंडरचा दोष. प्लग, त्याची वायर, डेल्कोच्या टोपीतला त्याचा कोपरा किंवा त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह.
- कधीही, कुठेही, बेताल: सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीचा दोष. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, अर्थिंग, सैल वायर किंवा पेट्रोलचा पुरवठा.
- आयडलला थरथर, रेस केल्यावर बरी: इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून जास्तीची हवा आत जात असू शकते. टॅपेट फार घट्ट असले तरी असंच होतं.
- थंड असताना ठीक, गरम झाल्यावर बिघडते: कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्या. घट्ट टॅपेटही याच यादीत.
- चढावर, दाब पडल्यावरच अडखळते: दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं कठीण जातं. प्लगचा गॅप, वायर, टोपी आणि रोटर पाहा.
- पावसाळ्यातच होते: टोपीत दमटपणा किंवा बारीक तडा. रात्री अंधारात बॉनेट उघडून, हात लांब ठेवून पाहिलं तर वायरवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

कुठला सिलिंडर सुस्त आहे हे शोधायची जुनी पद्धत म्हणजे एकेक प्लगची वायर काढून बघणं. ज्याची वायर काढल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच दोषी. पण चालू इंजिनाची वायर ओढू नका, झटका जोरदार बसतो. इंजिन बंद करा, वायर काढून तिच्या टोकाला एक जादा प्लग लावा, तो प्लग इंजिनाच्या धातूला पक्का टेकवून बांधा आणि मग स्टार्ट करा. वायर अधांतरी सोडली तर झटका दुसरी वाट शोधतो, त्यात रोटर किंवा कॉइल जाऊ शकते. हेही लक्षात ठेवा की बंद केलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल धुतलं जातंच, तेव्हा प्रत्येक तपासणी काही सेकंदांतच आटपा.

दोषी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. नाही गेला तर तशीच चाचणी वायरची. तरीही दोष त्याच सिलिंडरला चिकटून राहिला तर दुखणं इंजिनाच्या आत आहे.

आता क्रमाने तपास

पायरी १ : दाब आणि टॅपेट. इंजिन नवं बांधलंय म्हणजे दाब चांगलाच असणार, असं गृहीत धरू नका. चारही प्लग काढा, कॉइलची बारीक वायर सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि कॉम्प्रेशन गेजने चारही आकडे घ्या. रिंग अजून बसायच्या असल्याने आकडे थोडे कमी येऊ शकतात, पण ते एकमेकांच्या जवळ हवेत. जास्तीत जास्त आणि कमीत कमी यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा.

एक सिलिंडर कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगकडे बघा, नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे. शेजारचे दोन्ही कमी असतील तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट. चारही सारखेच पण खूप कमी असतील तर टायमिंग चेन एक दाता चुकून बसली आहे का, हे पाहावं लागेल. चेनचा दाता चुकला तर डेल्को कितीही फिरवा, गाडीत दम येत नाही.

टॅपेटचा गॅप मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने मोजा. हेडचे बोल्ट पुन्हा कसले असतील तर टॅपेट पुन्हा सेट करावेच लागतात.

पायरी २ : अर्थिंग. जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणात हा दोष फार वेळा निघतो, आणि शेवटपर्यंत कुणाच्या डोक्यात येत नाही. इंजिन सुंदर रंगवलेलं असतं, बॉडीवर तीन थर रंग असतो, आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच कसलेली असते! रंगातून करंट जात नाही. पट्टीखालची जागा पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा. डेल्को जिथे बसतो ती जागाही स्वच्छ हवी. डेल्कोच्या आतली छोटी लवचीक वायर तुटत आली आहे का, तेही पाहा.

पायरी ३ : पॉइंटचा गॅप. टायमिंगला हात लावण्याआधी पॉइंट सेट करायचे, कधीच उलटं नाही. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग आपोआप पुढे सरकतं. गॅप कमी झाला की मागे. टायमिंग लावल्यावर पॉइंटला हात लावलात, तर आधीची मेहनत वाया. नव्या पॉइंटवर तेलकट थर असतो, तो पुसून घ्या.

‘नवीन आहे म्हणजे चांगलाच’ हा नियम कंडेन्सरला लावू नका. पॉइंटमध्ये मोठी ठिणगी दिसत असेल किंवा पॉइंट थोड्याच दिवसांत काळे पडून जळत असतील, तर जुना चालू असलेला कंडेन्सर लावून बघा. कॉइलही तुमच्या वायरिंगला साजेशी हवी. काही कॉइल रेझिस्टरबरोबर वापरायच्या असतात. तशी कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तर ती तापते आणि पॉइंटही जाळते.

पायरी ४ : एक नंबरचा पिस्टन खरंच कुठे आहे? सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पुलीवरची खूण प्रत्येक फेऱ्याला जुळते, पण सिलिंडर पेटतो दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणजे खूण जुळली तरी एक नंबरचा पिस्टन दाबाच्या फेरीत आहे की धूर टाकण्याच्या फेरीत, हे त्यावरून कळत नाही. चुकीच्या फेरीत डेल्को बसवला तर टायमिंग थेट १८० अंशांनी उलटं. मग गाडी स्टार्टच होत नाही, किंवा कार्ब्युरेटरमधून भडका मारते.

ओळखायचं कसं? प्लग काढून एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की ती दाबाची फेरी. टॅपेट कव्हर उघडं असेल तर आणखी सोपं. एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह सैल हवेत, आणि चार नंबरचे व्हॉल्व्ह एक मिटता-मिटता दुसरा उघडताना दिसायला हवेत.

पायरी ५ : बल्ब लावून टायमिंग. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायर पुरे. बल्बची एक वायर कॉइलकडून डेल्कोत येणाऱ्या बारीक वायरच्या टर्मिनलला आणि दुसरी अर्थला. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडले की पेटतो.

आता इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हळूहळू फिरवत मॅन्युअलमधल्या खुणेवर आणा. पुढे गेलं तर बरंच मागे घेऊन पुन्हा पुढे या, म्हणजे चेन आणि गिअरमधला सैलपणा मोजमापात येत नाही. इग्निशन चालू करा. डेल्कोचा क्लॅम्प सैल करून डेल्को आधी रोटरच्या दिशेने फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने अगदी सावकाश फिरवत या. बल्ब पेटला त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प कसा. इग्निशन लगेच बंद करा, नाहीतर कॉइल तापते.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. डेल्को रोटरच्या उलट दिशेला फिरवला की टायमिंग पुढे, रोटरच्या दिशेला फिरवला की मागे. आणि डेल्कोचा एक अंश म्हणजे इंजिनाचे दोन अंश, तेव्हा बोटभर नव्हे, केसभर फिरवा.

पायरी ६ : वायरचा क्रम. खुणेवर असताना रोटर टोपीतल्या ज्या कोपऱ्याकडे बघतो, तो एक नंबर. तिथून रोटरच्या दिशेने १, ३, ४, २ अशा वायर लावा. ‘पहिल्यापासून सरळ १-२-३-४’ अशी चूक वाटते त्याहून जास्त होते.

पायरी ७ : चालू इंजिनावर टायमिंग लाइट. ही लुकलुकणारी बत्ती एक नंबरच्या ठिणगीबरोबर चमकते, त्यामुळे पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसते. डेल्कोला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून तिचं टोक बंद करा आणि मग बघा.

रेस वाढवल्यावर खूण सावकाश पुढे सरकायला हवी. जागची हलत नसेल तर आतली वजनं अडकली आहेत. एकदम उडी मारत असेल तर स्प्रिंग तुटलेली किंवा ढिली. खूण एका जागी न राहता थरथरत असेल तर डेल्कोचा दांडा किंवा बुश झिजलाय. अनेक गाड्यांत इंजिन नवं होतं, पण डेल्को मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा तोच परत बसवला जातो! झिजलेल्या डेल्कोवर टायमिंग कधीच पक्कं लागत नाही.

टायमिंग पुढे गेलं की मागे? फरक कसा कळतो?

टायमिंग जास्त पुढे गेलं तर स्टार्ट करताना इंजिन उलटा झटका देतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की बाटलीत गोट्या हलवल्यासारखा आवाज येतो, यालाच नॉकिंग म्हणतात. हा आवाज ऐकून ‘इंजिन दमात आहे’ असं समजू नका. पिस्टन वर येत असतानाच दाब वाढायला लागतो, उरलेलं मिश्रण स्वतःहून फुटतं, आणि तो मार पिस्टन, रिंग आणि बेअरिंगवर बसतो. जोरात नॉकिंग होत असताना गाडी तशीच दामटली तर नवा पिस्टन तुटायला वेळ लागत नाही.

टायमिंग मागे राहिलं तर आवाज येत नाही, म्हणून ते जास्त फसवतं. गाडी सुस्त होते, पेट्रोल जास्त खाते, सायलेन्सरमध्ये फटफट करते आणि तापते. मिश्रण उशिरा पेटल्याने आग बाहेर पडतानाही जळतच असते. तिची झळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हला बसते. गाडी तापतेय म्हणून रेडिएटर बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

प्लगही खूप काही सांगतो. फिकट तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच पडत नाही. ऑइलने ओला असेल तर नव्या रिंग बसेपर्यंत थोडं चालतं, कायम राहिलं तर नाही. पांढराफटक, फोड आलेला किंवा त्यावर धातूचे बारीक कण दिसले, तर गाडी तिथेच थांबवा.

मग कार्ब्युरेटरची पाळी कधी?

सगळ्यात शेवटी. दाब, ठिणगी आणि टायमिंग पक्कं झाल्यावरच. कारण चुकलेल्या टायमिंगवर कार्ब्युरेटर ‘सेट’ केला, तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि मग कुठलीच सापडत नाही.

पेट्रोलच्या बाजूला आज एक नवी गोष्टही आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तोच जेट, तोच स्क्रू असला तरी मिश्रण आधीपेक्षा पातळ होतं. पातळ मिश्रण पेटायला कठीण, म्हणजे पुन्हा मिसिंग! शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खराब करतं. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवू नका, आणि टाकीतला गंज जेटपर्यंत पोचत नाही ना, हे फिल्टर उघडून बघा.

‘पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट लावा’ असा सल्लाही मिळेल. पॉइंट झिजण्याची कटकट त्याने नक्की जाते. पण झिजलेला दांडा, चुकलेली चेन किंवा रंगावर बसलेलं अर्थिंग किटने दुरुस्त होत नाही. आधी दोष काढा, मग किट.

मेकॅनिककडे जाताना काय सांगाल?

नुसतं ‘मिसिंग मारतेय, बघा जरा’ म्हणालात तर तपास शून्यापासून सुरू होतो. त्याऐवजी एक साधी वही ठेवा. चारही सिलिंडरचे दाबाचे आकडे, टॅपेट आणि पॉइंटचे गॅप, टायमिंग किती अंशावर लावलं, प्लगचे रंग, आणि मिसिंग कधी होते. गरम असताना की थंड, आयडलला की चढावर. प्रत्येक बदलाची तारीख लिहा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाच दिवशी प्लग, कॉइल, कंडेन्सर आणि कार्ब्युरेटर बदलून गाडी सुधारली, तरी दोष कशात होता ते कळणार नाही. तो परत आला की पुन्हा चारही बदलावे लागतील.

काम करताना गॅरेजचं दार उघडं ठेवा, कारण बंद जागेत सायलेन्सरचा धूर जीवघेणा असतो. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी पंख्यापासून लांब ठेवा. पेट्रोलची गळती असेल तर ठिणगीची कुठलीही चाचणी करू नका. चेन, व्हॉल्व्ह किंवा रिंगचा दोष निघाला तर इंजिन पुन्हा उघडावं लागतं. ते काम ज्याने इंजिन बांधलं त्याच्यासमोर वही ठेवून करून घ्या.

पॉइंटवर चालणारं इंजिन हाताने बांधलेले, हाताने लावलेले मेकॅनिक आता वयस्कर होत चालले आहेत. तुमच्या गावात असा कुणी उस्ताद असेल, तर पुढच्या वेळी गाडी ठेवून निघून येऊ नका. शेजारी उभे राहा, बल्ब कधी पेटतो ते बघा आणि आकडे वहीत उतरवून घ्या. गाडी पुढच्या पिढीला द्यायची असेल, तर चावीबरोबर ती वहीसुद्धा द्यावी लागेल.